पब आणि फेस्टिवलचं व्हिडिओ शूटिंग: पैसे देणारं काम मिळवायचं कसं?

लेन्सवाला_खडकी
नमस्कार मंडळी. आजवर फक्त वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.
हिंजवडीत नोकरी आहे. शनिवार-रविवार मित्रांच्या बँडचे गिग शूट करतो, दोन-तीन कॉलेजांचे फेस्ट पण केलेत. सोनी ए६४०० आहे, सिग्माची १६ एमएम एफ १.४ आहे, एडिटिंग दाविंचीवर करतो. रात्रीचं शूट मला मनापासून आवडतं, तो अंधार, लाइट, ड्रॉप पडल्यावर, म्हणजे थांबलेली बीट एकदम कोसळते तेव्हा, गर्दी उसळते ते सगळं. आता कोरेगाव पार्कातल्या एका पबच्या मॅनेजरने माझी रील्स बघून मेसेज केलाय की दर शुक्रवार-शनिवार ये, रात्रीत ३ रील्स दे, पैसे नाहीत पण आम्ही टॅग करू, एंट्री फ्री आणि जेवण आमच्याकडे.
घ्यावं का हे? आणि इथून पुढे सनबर्न, विकेंडर, लोलापालूझा असल्या म्युझिक फेस्टिवलला पैसे घेऊन काम करणारे लोक तिथवर पोचतात कसे? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

कोथरूडचा_भाऊ
टॅगने कॅमेऱ्याचा हप्ता भरता येत नाही. नको घेऊस.

निशाचर
भाऊशी सहमत पण थोडं लांबण लावून लिहितो, कारण नुसतं नको म्हणून भागत नाही, मग काय करायचं तेही कळायला हवं.
आधी हे बघ की या धंद्यात पैसा नक्की कोणाच्या खिशातून येतो. पबकडे व्हिडिओसाठी वेगळे पैसे बहुतेक वेळा नसतातच, सोशल मीडिया सांभाळणाऱ्या एजन्सीला ते महिन्याचे ठरलेले पैसे देतात आणि शूटवाला ती एजन्सी आणते. म्हणजे मॅनेजरशी घासाघीस करून फार हाती लागत नाही, त्या एजन्सीचा नंबर माग. दुसरा गिऱ्हाईक म्हणजे डीजे. ज्याला महिन्यात सात-आठ गिग आहेत त्याला सतत रील्स लागतात, आणि त्याच्यासाठी तो खर्च म्हणजे पुढच्या बुकिंगची जाहिरात असते. मी आज जे कमावतो त्यातला मोठा भाग अशा दोन डीजेंकडून महिन्याच्या बोलीवर येतो. तिसरा ब्रँड. पबमध्ये ज्या रात्री कुठल्यातरी कंपनीचा बॅनर लागलेला असतो ना, त्या रात्रीचा व्हिडिओ कंपनीला वरच्या साहेबाला दाखवायला लागतो, तिथे पैसे बरे मिळतात आणि आधी कबूल केलेले असतात.
मला पुण्यात पबच्या एका रात्रीचे, एक रील आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डिलिव्हरी, असे ४-५ हजार मिळतात. ब्रँडची रात्र असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. नवीन असशील तर कमी सांग पण शून्य सांगू नकोस. शून्यावरून दोन हजारावर जाणं फार अवघड पडतं, दोनावरून चारावर जाता येतं.

शटर५०
निशाचर, तुमचं बाकी सगळं पटलं पण फुकट म्हणजे पापच असं नाही हो. ज्याच्याकडे दाखवायला पबमधलं एकही काम नाही त्याला कोण बोलावणार? माझं मत असं की एक रात्र फुकट कर, पण आपल्या अटीवर. म्हणजे कुठली रात्र ते तू ठरवणार, ज्या रात्री चांगला आर्टिस्ट आहे तीच घेणार, रील एकच आणि तेही तुझ्या मनासारखं, फुटेज तुझ्याकडे राहणार आणि तुझ्या पेजवर तू टाकणार. दर शुक्रवार-शनिवार तीन-तीन रील्स हा प्रकार मात्र सरळ वेठबिगारी आहे, त्याला नाहीच म्हण.

कोथरूडचा_भाऊ
शटर५०, एका रात्रीचं बोलताय तर अनुमोदन.

म्हापसेकर
गोव्यातून लिहितोय. इथे सगळं सीझनवर. नोव्हेंबर ते मार्च हात रिकामा राहत नाही, वागातोर, हणजूण, मोरजी, आश्वे, रात्री दोन-दोन ठिकाणी पळायला लागतं, आणि जून उजाडला की फोन वाजायचा बंद. त्यामुळे इथे नुसतं नाइटलाइफ धरून बारा महिने घर चालत नाही हे पहिलं लक्षात ठेवा. मुंबई-दिल्लीची पोरं डिसेंबरात कॅमेरा घेऊन येतात, कमी पैशात कामं उचलतात, ३१ झाला की परत. त्यांच्याशी भावात स्पर्धा करण्यात अर्थ नाही.
आम्ही लोकल लोक टिकतो ते वेगळ्या कामांवर. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून गोव्यातच आहे, त्याच्या आजूबाजूच्या पार्ट्या, पत्रकार परिषदा, कंपन्यांचे कार्यक्रम. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव. मग कार्निव्हल आणि शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. शिगम्याचे चित्ररथ आणि रोमटामेळ (ढोल वाजवत जाणारी पथकं) रात्री उशिरापर्यंत चालतात, पथकांना स्वतःचा नीट व्हिडिओ हवा असतो आणि ती माणसं पैसे वेळेत देतात. क्लबपेक्षा वेळेत देतात हे मी ठामपणे सांगतो.
आणखी एक. उघड्यावरच्या म्युझिकला रात्री १० ची मर्यादा आहे. देशभराचाच नियम आहे, २००० सालचा, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती १२ पर्यंत वाढवू शकतं. म्हणजे मेन सेट संध्याकाळी ७ ते १० मध्येच होऊन जातो. सनसेटला आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात ज्याला शूट जमतं त्याला गोव्यात काम आहे. ११ ला पोचून चालत नाही.

ढोलवेडा
म्हापसेकरांच्या शिगम्यावरून आठवलं. मूळ धागाकर्ता खडकीत राहतो आणि विचारतोय फेस्टिवलचं काम कुठे मिळेल! अरे बाबा पुण्यात आपला सगळ्यात मोठा फेस्टिवल, गणपती, १० दिवस रस्त्यावर असतो.
मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. सांगतो गणित कसं असतं ते. सराव दोनेक महिने आधी सुरू होतो, नदीकाठी नाहीतर कुठल्यातरी मैदानात, रोज संध्याकाळी. पथकाला सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, हवी असते आणि सुपारी हल्ली रील बघून येते. त्यामुळे सरावाचं, नव्या ठेक्याचं, ध्वज नाचवतानाचं शूट लागतंच लागतं. मंडळांनाही आगमनाचा व्हिडिओ लागतो, देखाव्याचा लागतो, विसर्जनाचा लागतो, आणि मंडळाच्या मागे स्थानिक ज्वेलर्स, बिल्डर असे जाहिरातदार असतात, त्यांचा लोगो शेवटी टाकला की पैसे तिथून निघतात. लक्ष्मी रोडची मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते, मंडई ते अलका चौक, एका माणसाला झेपतच नाही, त्यामुळे मोठी मंडळं तीन-तीन चार-चार कॅमेरे लावतात. पहिल्या वर्षी त्या चौघांतला चौथा हो.
शूटचं एक सांगतो कारण दरवर्षी बघतोय. बेलबाग चौकात पथक वळतं तेव्हा नवीन पोरं कॅमेरा डोक्यावर धरून नुसती गर्दी घेतात. काड्या ताशावर पडतात तिथे जवळ या, वादकाच्या मनगटाला चिकटपट्टी बांधलेली असते, त्यातून रक्त आलेलं असतं कधीकधी, घाम ताशाच्या पानावर उडतो, ते घ्या. ते दोन सेकंद ज्याच्याकडे आहेत त्याला पुढच्या वर्षी पथक स्वतःहून बोलावतं. आणि लेन्स बदलू नका तिथे, गुलाल माउंटमधून आत गेला की सेन्सर साफ करायला द्यावा लागतो. कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर घालून ठेवा, ऊन असलं तरी.

शटर५०
ढोलवेडा, ताशाच्या पानावरचा घाम... ___/\___

गिरगावची_पमा
मुंबईत पण हेच आहे. आगमन सोहळे हा तर आता अख्खा वेगळा सीझन झालाय. शिवाय दहीहंडी ठाण्यात, आणि नवरात्रात दांडिया, नऊ रात्री ठरलेलं काम, ठरलेली जागा, आयोजकाकडे प्रायोजक भरपूर. माझा भाऊ नवरात्राच्या नऊ रात्रींत जे कमावतो त्यावर त्याने दुसरी कॅमेरा बॉडी घेतली.

डॉ_कर्णपिशाच्च
जरा अवांतर, पण लिहितेच. मी कान-नाक-घसा बघते. स्पीकरसमोर किंवा ढोलासमोर तासनतास उभं राहून शूट करणारी पंचविशीतली मुलं कानात शिट्टी वाजते म्हणून येतात. ती शिट्टी काहींची कायमची राहते. कापूस घालून काही होत नाही. म्युझिशियन लोकांचे इअरप्लग मिळतात, त्यात आवाज फक्त कमी होतो, म्युझिक ऐकू येतं, ते घ्या. लेन्सच्या आधी घ्या.

निशाचर
डॉक्टर, अवांतर अजिबात नाही, यावर कोणी बोलतच नाही. मी गेली काही वर्षं प्लगशिवाय आत जात नाही.
आणि डोळ्यांचं पण. लेझर थेट सेन्सरवर आला तर सेन्सर जळतो, आडवी-उभी रेघ कायमची बसते. माणसाच्या डोळ्यालाही तेच. २०२३ च्या मिरवणुकांनंतर लेझरने डोळ्याला इजा झालेली मुलं डॉक्टरांकडे आली होती आणि पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीत लेझरवर बंदी घातली. पबमध्ये मात्र असतातच. म्हणून मी साउंडचेकला जातो. ७ वाजता पोचायचं, लाइटवाल्याला भेटायचं, लेझर कुठून कुठे फिरतात ते विचारायचं, सीओटूचा धूर कुठल्या गाण्याला सोडणार ते विचारायचं. मग कॅमेरा २५ फ्रेमला, शटर १/५० ला ठेवून मागची एलईडी वॉल शूट करून बघायची, पट्टे दिसले तर शटर थोडं वर-खाली करून कुठे जातात ते शोधायचं आणि तिथेच लॉक. व्हाइट बॅलन्सही लॉक, ऑटोवर ठेवलं तर लाल-निळ्या लाइटमध्ये दर शॉटचा रंग वेगळा येतो आणि एडिटला पहाट होते. लाइटवाल्याशी दोस्ती झाली की तो स्वतः येऊन सांगतो, पुढच्या ड्रॉपला सगळं पांढरं मारतोय, तयार राहा. ही दोस्ती एका चहात होते.

कॅमेरेवाली
मुंबईत लोअर परळ, अंधेरी, बांद्रा या भागात काम करते. बायका या कामात कमी आहेत, यायला हव्यात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी आणि थोडं सगळ्यांसाठी लिहिते.
कोटेशनमध्ये घरी सोडणारी कॅब लिहून घ्या. रात्री दीडनंतर बॅगेत दोन-तीन लाखांचा माल घेऊन रिक्षा शोधत उभं राहायचं नाही. मी हे पहिल्या ओळीत लिहिते आणि आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. आत गेल्यावर पहिली ओळख बाउन्सरशी, मॅनेजरशी नंतर. गर्दीत कोणी अंगचटीला आलं तर तोच धावून येणार असतो.
दुसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पबमध्ये आलेला माणूस पैसे भरून मजा करायला आलाय, तुमच्या रीलमध्ये काम करायला आलेला नाही. नाचणाऱ्या मुलीचा क्लोजअप घेताना तिने कॅमेरा बघून मान हलवली तर ठीक, नाहीतर पुढे जा. कोणी हाताने नको केलं तर तिथेच तिच्यासमोर क्लिप डिलीट करून दाखवा. प्यायलेल्या, पडलेल्या, रडणाऱ्या कोणाचंही फुटेज ठेवू नका, एडिटला तर घेऊच नका. एजन्सीवाले म्हणतात "हॉट क्राउड दाखव". मी सरळ सांगते की मला हसणारे ग्रुप, हात, सिलुएट, आर्टिस्ट हे दाखवता येतं, हवं असेल तर घ्या. काम गेलंय यामुळे कधी. जाऊ दे. त्याच कारणाने मिळालंय पण, कारण चांगल्या जागांना तक्रार नको असते. आपल्याकडे कडक दारूचं वय २५ आहे आणि मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अल्पवयीन मुलाच्या कार अपघातानंतर पुण्यातल्या पबवाल्यांना कोण कुठल्या वयाचं फ्रेममध्ये आहे याची चांगलीच धास्ती आहे, तेव्हा हे त्यांच्याशी आधी बोललात तर उलट विश्वास बसतो.
आणि आत गेल्या गेल्या बाहेर पडायचे दरवाजे बघून ठेवा. डिसेंबर २०१७ ची कमला मिलची आग, १४ माणसं गेली. आपण व्ह्यूफाइंडरला डोळा लावून असतो, आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं.

स्प्रेकाठची
कॅमेरेवाली, प्रत्येक शब्दाला +१. मी बर्लिनमध्ये असते. इथल्या बऱ्याच क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आत शूटिंग नाहीच. त्यामुळे इथले व्हिडिओवाले क्लबच्या बाहेरचं काम करतात, आर्टिस्टच्या मुलाखती, स्टुडिओ, प्रवास, ओपन एअर. आपल्याकडेही डीजेची अशी दुसरी बाजू शूट करणारं फार कोणी नाही असं मला बाहेरून वाटतं. निशाचर म्हणतात त्या महिन्याच्या बोलीत हे घालता येईल की.

निशाचर
घालतोच! संध्याकाळी घरून निघताना, गाडीत गाणी निवडताना, असे तुकडे. लोकांना ते ड्रॉपपेक्षा जास्त आवडतात.

सीए_काका
पैशांवर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझ्याकडे तुमच्यासारखी बरीच मुलं येतात, सगळ्यांची तक्रार एक, काम झालं पण पैसे तीन-चार महिने नाहीत.
उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी झाली की तुम्ही सूक्ष्म उद्योग. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तरी गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. हे त्यांच्या अकाउंटंटला बरोबर माहीत असतं. म्हणून इनव्हॉइसवर उद्यम नंबर ठळक छापा. मार्चमध्ये तुमचा फोन उचलला जातो की नाही बघा. काम सुरू करण्याआधी नोंदणी हवी, पैसे अडकल्यावर करून उपयोग नाही.
निम्मे पैसे आधी, बाकीचे वॉटरमार्क नसलेली फाइल देण्याआधी. टीडीएस कापला म्हणून पैसे बुडाले असं समजू नका, २६एएस मध्ये (आयकर खात्याकडे तुमच्या नावाने जमा कराचं पत्रक) दिसतो का ते तपासा, रिटर्न भरलं की हिशोबात येतो. जीएसटी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही.
आणि हक्कांचं. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा असतो, कॉपीराइट कायदा कलम १७, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्हाला स्वतःच्या पेजवर टाकायचंय, किंवा रॉ फुटेज द्यायचं नाहीये, तर ते आधी लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं आणि त्यांनी "ओके" म्हटलं तरी काहीच नसण्यापेक्षा खूप बरं.

कोथरूडचा_भाऊ
काका, हा प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा आहे.

लेन्सवाला_खडकी
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे खूप आभार. दोन प्रश्न. ए६४०० वर चालेल का की फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घ्यावा लागेल? आणि मोठ्या फेस्टिवलचं कोणी लिहिलंच नाही अजून, ढोलवेडा दादांचं पटलंय पण तेही जाणून घ्यायचंय.

शटर५०
ए६४०० आणि १.४ ची लेन्स, सुरुवातीला पुरे. आयएसओ ३२००-६४०० च्या आसपास राहा, थोडा नॉइज आला तर येऊ दे, फोनवर कोणी मोजत नाही. सोनीचे फुल फ्रेम ए७एस ३ किंवा एफएक्स३ अंधारात फारच पुढे आहेत हे खरं, पण ज्या रात्रीचे पैसे चांगले आहेत त्या रात्रीपुरता भाड्याने आण आणि भाडं कोटेशनमध्ये धर. ए६४०० ची खरी अडचण एकच कार्ड स्लॉट. मध्येच कार्ड बदलत राहा, सगळी रात्र एकाच कार्डावर ठेवू नकोस.

पिटमधला
फेस्टिवलचं मी सांगतो, प्रॉडक्शन हाउसकडून ऑपरेटर म्हणून जातो.
सनबर्न २००७ ला कांदोळीला सुरू झालं, विकेंडर २०१० ला पुण्यात, लोलापालूझा २०२३ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर, दर वेळी व्हिडिओचं काम वाढतच गेलं, पण आयोजक थेट तुला घेत नाही. अधिकृत आफ्टरमूव्हीचं, म्हणजे फेस्टिवल संपल्यावर येणाऱ्या फिल्मचं, कंत्राट एका प्रॉडक्शन हाउसला जातं, ते स्टेजनुसार ऑपरेटर घेतात, दिवसाच्या भावाने. ईमेलने फार होत नाही, ओळखीने होतं, आणि ओळख होते ती डेटावाल्या खुर्चीवर. प्रत्येक ऑपरेटरची कार्डं घेऊन दोन-दोन ड्राइव्हवर कॉपी करणारा, नावं नीट घालणारा माणूस लागतो आणि ते काम करायला कोणी तयार नसतं कारण आत म्युझिक चालू असताना हा तंबूत बसलेला. ते काम माग. तीन दिवसांत सगळ्या ऑपरेटरांचं फुटेज बघायला मिळतं, कोण काय आणि कसं घेतो ते कळतं, आणि सगळे तुला नावाने ओळखतात. दुसऱ्या दिवशी रात्री एखादा आजारी पडतोच.
दुसरा रस्ता स्पॉन्सरचे स्टॉल. फेस्टिवलमध्ये ब्रँडचे मांडव असतात, प्रत्येकाची एजन्सी वेगळी, प्रत्येकाला रोजच्या रोज उभे व्हिडिओ हवेत. तिथे नवीन माणूस घेतात. फक्त आर्टिस्टचं शूटिंग करायची परवानगी त्या पासवर नसते, पिटमध्ये (स्टेजसमोरची कॅमेरेवाल्यांची जागा) घुसू नकोस, बहुतेक ठिकाणी पिटमधल्यांनाही पहिली ३ गाणीच मिळतात. पास काढून घेतला की ती एजन्सी परत बोलावत नाही.

म्हापसेकर
पिटमधला, डेटाचं अगदी खरं. आमच्याकडे इफ्फीतही तसंच.

ढोलवेडा
ड्रोन उडवायचं कोणी विचारेल त्याआधीच सांगतो, मिरवणुकीवर मनाने उडवू नका, पोलीस परवानगी लागते. पथकवाले "उडव रे काही होत नाही" म्हणतील. जप्त झाला तर तुमचा होतो, त्यांचा नाही.

लेन्सवाला_खडकी
अपडेट देतो. मॅनेजरला शटर५० आणि निशाचर यांचं मिळून लिहिलं. दर आठवड्याचं फुकट जमणार नाही, एक रात्र, एक रील, अडीच हजार, निम्मे आधी, माझ्या पेजवर टाकायची परवानगी, चेहरे विचारून. दोन दिवस उत्तर नाही. मग त्याने एजन्सीच्या मुलीचा नंबर दिला, तिने दोन हजार म्हटलं, मी पेजची परवानगी राहणार असेल तर चालेल म्हटलं. ठरलं, एक हजार आले पण. इअरप्लग मागवलेत. उद्यमची नोंदणी काल रात्री झाली, खरंच फुकट झाली.
ढोलवेडा दादा, सराव कधी सुरू होतो तुमचा? यायचंय मला.

ढोलवेडा
झकास! नारळ फोडायचा दिवस ठरला की इथेच लिहितो. पहिल्या संध्याकाळी कॅमेरा आण पण सुरू करू नकोस, आधी सगळ्यांशी ओळख करून घे. सरावाचे पैसे पथक देत नाही, आगमन आणि विसर्जनाचे देतं, तेव्हा ते आमच्या अध्यक्षांशी त्याच दिवशी बोलून घे.

सीए_काका
आणि लिहून घे.